पोट, पाळी आणि साखर

मराठीत 'पोट' हा शब्द एकाच वेळी दोन घरांत नांदतो. अन्न पचते ते पोट आणि मूल वाढते तेही पोटच. 'पोटापाण्याचा प्रश्न', 'पोटाची खळगी' हे एका घरचे. 'पोटी जन्मणे', 'पोटुशी', 'पोटचा गोळा' हे दुसऱ्या घरचे. माया आतड्याची असते आणि दुःखाने पीळ पडतो तोही आतड्यालाच. वर्गात वाक्प्रचार शिकवताना ही उदाहरणे फळ्यावर ओळीने लिहिली की विद्यार्थी हसतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकात जठर, आतडी आणि गर्भाशय यांची प्रकरणे वेगळी असतात आणि रुग्णालयात त्यांचे मजलेही वेगळे असतात. आतड्यांतील जीवाणू, लैंगिक संप्रेरके आणि मधुमेहासारखे चयापचयाचे विकार यांच्या परस्परसंबंधांवर गेल्या दोन दशकांत जे संशोधन झाले, ते वाचताना मात्र हे मजले एकमेकांत उघडू लागतात. भाषेला हे सारे आधीच ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. तसले दावे आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत. पण एका शब्दाने जे सहज एकत्र ठेवले ते वेगळे करायला आणि पुन्हा जोडायला शास्त्राला किती खटाटोप करावा लागला, हे पाहणे उद्बोधक आहे.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. या वाचनाकडे वळले ते घरातल्या तीन फायलींमुळे. पहिली दादाची. तो अंगाने किडकिडीत, वजन जेमतेम ५८ किलो, आणि अडतिसाव्या वर्षी मधुमेही. दुसरी माझी. एकोणतिसाव्या वर्षी गरोदरपणात साखर वाढली होती. बाळंतपणानंतर "आता गेली, मॅडम, काळजी नको" असे मला सांगण्यात आले आणि साखरेबरोबर ती फाईलही माळ्यावर गेली. पुढची सतरा वर्षे मला साखर तपासायला कुणीही सांगितले नाही. गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सातपटींहून अधिक असते, असे 'लॅन्सेट'मधील एका मोठ्या विश्लेषणाने २००९ मध्येच दाखवून दिले होते. आज मी सत्तेचाळिशीत आहे, पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर, आणि माझ्या अहवालावर 'पूर्वमधुमेह' हा शब्द छापून आला आहे. तिसरी फाईल माझ्या भाचीची, दादाच्या मुलीची. ती वीस वर्षांची आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर केस, आणि निदान पीसीओएस. या तीन फायली तीन वेगळ्या दवाखान्यांत राहिल्या आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. दादाला विचारले गेले ते सिगारेट आणि कामाचा ताण; मला मुलाचे वजन; भाचीला लग्नाचा विचार कधी आहे ते.

आता थोडे 'संप्रेरक' या शब्दाविषयी. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी लहान आतड्याच्या अस्तरातून स्रवणारा एक पदार्थ शोधला. तो रक्तातून स्वादुपिंडाकडे जातो आणि त्याला पाचकरस सोडायला लावतो. त्याचे नाव सिक्रेटिन. अशा निरोप्या पदार्थांसाठी १९०५ मध्ये स्टार्लिंगने 'हार्मोन' हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतवणे, गती देणे. आपल्या 'संप्रेरक'मध्ये हा अर्थ चांगला उतरला आहे. हा शब्द ऐकताच आज आपल्या मनात वयात येणे, कामवासना, पाळी यांचे चित्र उभे राहते. पण त्याचा जन्म आतड्यात झाला. गंमत पुढे आहे. 'स्त्री-संप्रेरक' म्हणून ज्याचे नाव झाले त्या इस्ट्रोजेनचा प्रचंड साठा बर्नहार्ड झोंडेक यांना १९३४ मध्ये कुठे सापडला, तर घोड्याच्या लघवीत. घोडीच्या नव्हे, वळूघोड्याच्या. नंतर कळले की शरीर इस्ट्रोजेन तयार करते तेच मुळी 'पुरुष-संप्रेरका'पासून. अॅरोमॅटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरोनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते आणि हे काम स्त्री-पुरुष दोघांच्याही शरीरात चालते. १९९४ मध्ये अमेरिकेतील एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. जनुकातील दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोपच ऐकू येत नव्हता. उंची २०४ सेंटीमीटर, तरीही हाडे अजून वाढतच होती. आणि रक्तातील साखर व इन्सुलिन यांचे गणितही बिघडलेले होते. पुरुषाच्या साखरेलाही त्या तथाकथित बायकी संप्रेरकाची गरज असते, हे त्या एका माणसाने सांगितले. संप्रेरकांना लिंगवाचक नावे देऊन आपण मोकळे झालो. व्याकरणात 'संप्रेरक' नपुंसकलिंगी आहे, ते अधिक बरोबर.

याहून चमत्कारिक गोष्ट टेस्टोस्टेरोनची आहे. २००६ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात दिसले ते असे की ज्या पुरुषांत टेस्टोस्टेरोन कमी त्यांच्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका अधिक, आणि ज्या स्त्रियांत टेस्टोस्टेरोन जास्त त्यांच्यात धोका अधिक. एकच पदार्थ, एकच आजार आणि दोन उलट्या दिशा. दादा आणि त्याची मुलगी एकाच घरात या दोन टोकांना उभे आहेत, असे ते वाचताना वाटले. (दादाचे टेस्टोस्टेरोन कुणी मोजलेले नाही, तेव्हा हे माझे साहित्यिक स्वातंत्र्य समजावे.)

जीवाणूंचे काय? आपल्या शरीरातील जीवाणू पेशींच्या दहापट असतात हे वाक्य वर्षानुवर्षे उद्धृत होत आले. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी त्याचा हिशेब नव्याने मांडला. साधारण ३८ लाख कोटी जीवाणू, त्यांचे एकूण वजन अदमासे २०० ग्रॅम, आणि मानवी पेशींशी त्यांचे प्रमाण जवळजवळ एकास एक. हा हिशेब ज्याच्या शरीरावर केला तो 'संदर्भ-पुरुष', वय २० ते ३०, वजन ७० किलो, उंची १७० सेंटीमीटर. स्त्रीचा हिशेब त्यांनी पुढे एका तक्त्यात दिला आहे. तिच्यात तांबड्या पेशी कमी असल्याने तिच्या शरीरात जीवाणूंचे प्रमाण अधिक भरते. मला त्या संशोधकांवर टीका करायची नाही, त्यांनी निदान तक्ता तरी दिला. पण 'मनुष्य' म्हणताना डोळ्यांसमोर पुरुष येतो आणि स्त्री तक्त्यात जाते, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवी नाही.

हे जीवाणू संप्रेरकांशी कसे गाठ घालतात त्याची एक वाट बरीच स्पष्ट झाली आहे. काम संपलेल्या इस्ट्रोजेनला यकृत एक साखरेची शेपटी जोडते, म्हणजे ते पाण्यात विरघळून पित्तावाटे आतड्यात उतरावे आणि बाहेर पडावे. आतड्यातील काही जीवाणूंकडे ती शेपटी कापणारे विकर असते. शेपटी कापली की इस्ट्रोजेन पुन्हा मोकळे होते, आतड्याच्या भिंतीतून रक्तात परतते आणि आणखी एक फेरी मारते. घराबाहेर पाठवलेले माणूस मागच्या दाराने पुन्हा घरात यावे, तसे. असे करू शकणाऱ्या जीवाणूंच्या जनुकसमूहाला २०११ मध्ये 'इस्ट्रोबोलोम' हे नाव मिळाले. काही जीवाणू याच्या पुढे जाऊन एका संप्रेरकापासून दुसरे घडवतात. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, वृषणे काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्यातील जीवाणू पुरुष-संप्रेरके तयार करून प्रोस्टेटच्या कर्करोगाला पोसत होते असे आढळले.

आणि उलट दिशा? संप्रेरके जीवाणूंची वस्ती ठरवतात का? मुलग्यामुलींच्या आतड्यांतील वस्तीत वयात येईपर्यंत फारसा फरक नसतो, नंतर तो थोडासा पडतो. २०२२ मधील अमेरिकेतील हिस्पॅनिक स्त्री-पुरुषांच्या एका अभ्यासात, पाळी गेल्यानंतर स्त्रियांची वस्ती पुरुषांच्या वस्तीशी अधिक मिळतीजुळती होते असे दिसले; मधुमेह आणि हृदयविकार यांत स्त्रिया पुरुषांना गाठू लागतात तोही हाच काळ. या सगळ्या चर्चेतला सर्वांत गाजलेला प्रयोग २०१३ चा, टोरांटोचा. उंदरांच्या एका जातीत पहिल्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला केल्याने होणारा, माद्यांना नरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. जेन डान्स्का यांच्या गटाने प्रौढ नरांच्या आतड्यातील जीवाणू लहान माद्यांच्या पोटात घातले. त्या माद्यांचे टेस्टोस्टेरोन वाढले आणि बहुतेकींचा मधुमेह टळला. टेस्टोस्टेरोनचा परिणाम औषधाने अडवला तेव्हा हे संरक्षणही गेले. त्याच वर्षी शिकागोच्या एका गटाने दाखवले की निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या त्याच जातीच्या उंदरांत नर-मादी हा फरकच उरत नाही.

हे सारे वाचताना मला आपले प्रयोग आठवतात, कर्तरी, कर्मणी आणि भावे. 'संप्रेरके जीवाणू बदलतात' हा कर्तरी. 'जीवाणूंकडून संप्रेरके बदलली जातात' हा कर्मणी. प्रत्यक्षात जे चालले आहे ते मात्र 'रामाने रावणास मारले' यासारखे आहे. 'मारले' हे क्रियापद रामाचेही ऐकत नाही आणि रावणाचेही. शास्त्रीय लेखांचे मथळे कर्ता शोधत असतात, वृत्तपत्रे तर त्याला शिक्षा सुनावूनच मोकळी होतात. 'तुमच्या लठ्ठपणाला हा जीवाणू जबाबदार', वगैरे. गरोदरपणाचेच पाहा. २०१२ मध्ये 'सेल'मध्ये रूथ ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९१ गरोदर स्त्रियांच्या आतड्यांतील जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तीन महिन्यांतील आणि शेवटच्या तीन महिन्यांतील जीवाणू त्यांनी निर्जंतुक उंदरांत घातले. शेवटच्या तिमाहीचे जीवाणू मिळालेले उंदीर अधिक चरबी साठवू लागले आणि त्यांचे शरीर इन्सुलिनला कमी दाद देऊ लागले. म्हणजे शेवटच्या महिन्यांत आईची साखर थोडी चढी राहून बाळाकडे जावी, या निसर्गाच्या व्यवस्थेत आतड्यातील रहिवाशांचाही हात असावा. एका पोटाने दुसऱ्या पोटाची तजवीज करावी, असे. माझी माळ्यावरची फाईल मला या लेखामुळे पुन्हा खाली काढावीशी वाटली. मात्र पुढच्या सर्वच अभ्यासांत गरोदरपणी जीवाणूंत इतका ठळक बदल दिसला नाही, हेही सांगायला हवे.

पीसीओएसबाबतही असेच. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांचे जीवाणू मादी उंदरांना दिले, तर त्यांचे अंडाशय बिघडले आणि इन्सुलिनची दादही कमी झाली. ज्या विकाराकडे आपण 'पाळीची तक्रार' म्हणून पाहतो, तो पुष्कळदा चयापचयाचाही विकार असतो, हे या प्रयोगाआधीच माहीत होते. या प्रयोगाने आतड्याकडे बोट दाखवले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे ओघाने आलेच. आणि माणसांवरचे अभ्यास तरी कुणावर झाले? सडपातळ माणसांच्या आतड्यातील जीवाणू दिल्यावर इन्सुलिनची दाद काही आठवड्यांपुरती सुधारते, हे दाखवणाऱ्या हॉलंडमधील २०१२ च्या प्रसिद्ध प्रयोगातले अठराच्या अठरा रुग्ण पुरुष होते. मधुमेहातील जीवाणूंवरचा २०१३ चा स्वीडनमधील अभ्यास १४५ स्त्रियांवर झाला, सगळ्या सत्तरीच्या आसपासच्या. पुरुषाचा निष्कर्ष एका लेखात, स्त्रीचा दुसऱ्यात, आणि आपण 'माणसात असे असते' म्हणून दोन्ही एका वाक्यात गुंफतो.

भारतातले चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा पुण्याचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दादाच्या ५८ किलोंचे कोडे मला त्या छायाचित्राने उलगडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने जवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू केला, त्यातून दिसले की आपली नवजात बालके वजनाने कमी पण चरबीने तुलनेने भरलेली असतात. त्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींमध्ये ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. आणि ज्या आयांमध्ये ब१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. ब१२ वनस्पतीही बनवत नाहीत आणि प्राणीही. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. आपल्या मोठ्या आतड्यातही ते बनते, पण ते शोषले जाते त्या जागेच्या पुढे, म्हणून आपल्या हाती लागत नाही. स्वतःच्याच पोटात पिकते आणि स्वतःला मिळत नाही. शेतकऱ्याघरच्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

इथे संप्रेरकांपेक्षा निराळा एक प्रश्न उभा राहतो. घरातल्या स्त्री-पुरुषांच्या जीवाणूंत फरक पडत असेल, तर तो अंडाशयामुळे किती आणि ताटामुळे किती? आमच्या घरी पुरुषांची पंगत आधी बसे. दूध दादाला, आईला सकाळी रात्रीचा भात, फोडणी देऊन. भात निवला की त्यातील काही पिष्ट लहान आतड्यात पचत नाही, ते मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथल्या जीवाणूंचे अन्न होते. ते त्यापासून ब्युटिरेटसारखी आतड्याला हितकर आम्ले करतात. म्हणजे जीवाणूंच्या दृष्टीने आईचे ताट दादाच्या ताटाहून वाईट नव्हते, ब१२च्या दृष्टीने मात्र होते. शिळ्याचे गौरवीकरण करण्याचा माझा मुळीच विचार नाही. ज्यांना निवडीचा अधिकार आहे त्यांच्याच तोंडी ते शोभते. त्यात पुन्हा आईचे उपवास, म्हणजे दिवसभर काही नाही आणि मग साबुदाणा. आज आम्हा नोकरदार बायकांच्या ताटात शिळा भात नाही, पण दोन तासिकांच्या मध्ये गिळलेला वडापाव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत कंबरेचा घेर मोजला गेला. त्या आकडेवारीच्या विश्लेषणात पोटाची स्थूलता ४० टक्के स्त्रियांत आणि १२ टक्के पुरुषांत आढळली. दोघांसाठी घेराची मर्यादा वेगळी धरलेली होती हे खरे, तरीही हा फरक मोठाच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के. एवढ्या माणसांच्या मधुमेहाचा कर्ता एका जीवाणूत किंवा एका संप्रेरकात शोधणे मला पटत नाही.

बाजाराला मात्र ते पटते. पीसीओएससाठी जीवाणूंच्या कॅप्सूल, मर्दानी ताकदीसाठी वेगळ्या, घरपोच शौचतपासणी आणि तिच्यावरून आखून दिलेला आहार. भाचीने मला अशाच एका कॅप्सूलची जाहिरात पाठवून विचारले, "आत्या, घेऊ का?" मी तिला म्हटले, जाहिरातीत लिहिलेला जीवाणू आणि अभ्यासातला जीवाणू एकच आहे का, अभ्यास उंदरांवरचा की बायकांवरचा, आणि किती बायकांवरचा, एवढे आधी बघ. ती म्हणाली, "तू अगदी प्रबंध तपासल्यासारखं बोलतेस." मग तिने स्वतःच पाहिले. उत्तर तिसऱ्या प्रश्नाशीच अडले.

दादा आणि ती, दोघेही एकच गोळी घेतात, मेटफॉर्मिन. तो साखरेसाठी आणि ती पाळीसाठी. ही गोळी आतड्यातील जीवाणूंची वस्ती इतकी बदलते की, मधुमेहाची खूण म्हणून आधी जी सांगितली गेली ती काही अंशी आजाराची नसून या गोळीचीच होती, असे २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले. दीर्घकाळ घेतली तर ती ब१२ चे शोषणही कमी करते. बापलेकींपैकी कुणाचेच ब१२ आजवर तपासलेले नाही. पुढच्या आठवड्यात भाचीची तपासणी आहे. तिने डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी वहीच्या पानावर लिहून काढल्या आहेत. पहिली ओळ ब१२ची. दुसऱ्या ओळीत तिने लिहिले आहे, 'बाबांना अडतिसाव्या वर्षी मधुमेह, आत्याला गरोदरपणी.' त्या ओळीसाठी तिने मला माळ्यावरून फाईल काढायला लावली; तारीख बरोबर हवी म्हणाली.